साटीनच्या बाराबंद्या

कस्तुरा ओव्हाळ चिखलीत राहतात. एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला लागून त्यांचा छोटा गाळा आहे. शेजारी दिवसभर ग्राइंडर किंचाळत असतो आणि त्या आवाजात त्यांच्या दोन शिलाई मशिनी चालतात. मी पिंपरीत, संत तुकाराम नगरला राहते आणि शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनाचे कपडे शिवायला म्हणून त्यांच्याकडे जाऊ लागले, त्याला आता सहा-सात वर्षं झाली. हे जे सांगते आहे ते बहुतेक त्यांनीच मला सांगितलं, तेही एका दमात नाही. कधी काजं करता करता, कधी मशीन थांबवून. थोडं मी त्यांच्या यजमानांकडून ऐकलं.

त्यांचं माहेर गेवराईकडचं. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा धम्मरत्न ओव्हाळ भोसरीत एका कारखान्यात वेल्डर होते. दोन मुली शाळेत जायला लागल्यावर कस्तुराताई कारखान्यांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका शेडमध्ये लागल्या. तिथं अकरा वर्षं काढली. त्या शेडमध्ये सगळ्यांत कडक नियम वेल्डिंगवाल्यांच्या कपड्यांचा. कापड शंभर टक्के सुती पाहिजे, शिवणीचा दोरासुद्धा सुती. नवा तागा आला की तपासणीच्या बाई त्यातले दोन धागे ओढायच्या आणि काडी लावायच्या. सुती धागा कागदासारखा जळून जायचा, मागे चिमूटभर राख. भेसळ असली की धागा आक्रसायचा, वितळायचा आणि टोकाला काळा टणक मणी तयार व्हायचा.

"हाच मणी माणसाच्या कातडीवर होतो," त्या बाई सांगायच्या. "सुती पेटलं तर ओढून फेकता येतं, थापटून विझवता येतं. हे अंगाला चिकटतं. मग कापड काढायचं म्हणजे कातडंच काढायचं."

कस्तुराताईंना हे कुणी दोनदा सांगायची गरज नव्हती. नवऱ्याच्या हातावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग त्या रोज बघत होत्या.

शेड बंद पडली तेव्हा त्यांनी गाळा घेतला. ब्लाउज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको असं चालू होतं. चाकणजवळच्या एका गावातले अर्जुनराव एकदा कुणाच्या तरी ओळखीनं आले. त्यांचं मंडळ दर वर्षी फाल्गुनात, तिथीच्या शिवजयंतीला, चाकणच्या भुईकोटाची झुंज गावच्या मैदानावर उभी करायचं. लाकडी बुरूज, ढाली-तलवारी, लाठ्या, दांडपट्टे आणि चाळीसेक मावळे. आतापर्यंत ते कपडे भाड्यानं आणायचे. ते कधी आखूड, कधी उसवलेले. अर्जुनरावांची निम्मी जमीन एमआयडीसीत गेलेली. उरलेल्या निम्म्यापेक्षा त्यांचा जीव या खेळात जास्त.

"ताई, आपल्या पोरांना आपल्या मापाचं पाहिजे," ते म्हणाले.

कस्तुराताईंनी ते काम फार मनावर घेतलं. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे त्याच्या आज्याची जुनी बाराबंदी होती. ती त्यांनी मांडीवर घेऊन दुपारभर बघितली. बंद कुठे लावलेत, काखेत चौकोनी तुकडा कसा घातलाय, शिवण कुठून कुठे जाते. मग मांजरपाट आणला, पाण्यातून काढून वाळवला, काही ताग्यांना हिरड्याच्या पाण्यात रंग दिला. चाळीस बाराबंद्या, चोळणे, कमरेचे शेले, डोक्याची मुंडाशी. सगळं सुती. त्या वर्षी मुलं मैदानात उतरली तेव्हा कपडे घामानं भिजले, मातीनं माखले, अंगाला धरून बसले. लढणारी माणसं खरी वाटली. अर्जुनरावांनी सगळ्यांसमोर त्यांना नारळ दिला. तीन वर्षं असं चाललं.

चौथ्या वर्षी शेजारच्या गावानंही असाच खेळ केला. त्यांचे कपडे साटीनचे होते, भगवे, हिरवे, जांभळे, काठाला सोनेरी लेस. दोन्ही खेळांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. कस्तुराताईंच्या धाकट्या मुलीनं हौसेनं ते आईला दाखवले आणि खालच्या कमेंटही वाचायला दिल्या. शेजारच्या गावाला 'जबरदस्त', 'राजेशाही'. यांच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे मावळे आहेत की भंगारवाले?' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

"मला ते लागलं," त्या मला म्हणाल्या. "एवढं लागायला नको होतं. लिहिणाऱ्यानं काय, एका बोटानं लिहिलं. पण मी चार दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते."

पुढच्या वर्षी अर्जुनराव आले ते हेच बोलत. "ताई, यंदा ड्रोन लावणारे. वरून शूटिंग. जरा चमक पाहिजे, राव."

त्यांनी 'नाही' म्हणायला हवं होतं, असं त्या आता म्हणतात. पण खरं सांगायचं तर त्यांनाही चमक हवीच होती. त्या स्वतः पुण्याला रविवार पेठेत गेल्या, स्वतः ताग्यांवर हात फिरवला, स्वतः केशरी आणि गडद लाल साटीन निवडलं. शेल्यांसाठी पातळ, झुळझुळीत, वाऱ्यावर उडणारं कापड घेतलं. नाव कृत्रिम रेशीम, काम सगळं पॉलिस्टरचं. ते त्यांना ठाऊक होतं. दुकानदारालाही विचारावं लागलं नाही.

कापड घरी आलं त्या संध्याकाळी धम्मरत्नांनी एक धागा ओढला, गॅसपाशी गेले, आणि वितळलेला मणी ओट्यावर ठेवला.

"तिथं मशाली असतात ना?" त्यांनी विचारलं.

"मशालवाले कडेला उभे असतात. लढणारे मधे."

"वारा मधे जात नाही का?"

"अहो, शाळेच्या गॅदरिंगला सगळी पोरं हेच घालतात. कुणाला काय झालंय?"

धम्मरत्नांनी वाद वाढवला नाही. त्यांचा तो स्वभावच नाही.

मापं द्यायला मुलं येऊ लागली. त्यांत विजयश्री होती. ती त्याच गावची, शेतकऱ्याची मुलगी, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. वय पंचवीस-सव्वीस. सकाळी कंपनीची कॅब, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास, आणि तरी शनिवार-रविवारी दांडपट्ट्याचा सराव. मंडळात मुली तीनच होत्या आणि पट्टा फिरवणारी ती एकटी. माप देताना तिनं साटीनचा तुकडा बोटांत चोळून बघितला.

"काकू, मला सुतीच शिवाल का? हे अंगाला चिकटतं. पट्टा फिरवताना हात अडकतो. नाहीतर मी गेल्या वर्षीचीच बाराबंदी घालते, चांगली आहे अजून."

"अगं, सगळ्यांत तू एकटी मळकी दिसशील."

"दिसू दे की."

"तुझं काय जातं? लोक म्हणतील ओव्हाळबाईंनी एकीचं वेगळंच शिवलं. वरून शूटिंग आहे, एकसारखं पाहिजे."

विजयश्री हसली आणि हात पसरून उभी राहिली. कस्तुराताईंनी टेप लावली. एवढंच झालं. पण हा प्रसंग सांगताना त्यांनी मशीन बंद केली होती.

खेळाच्या दिवशी ऊन उतरल्यावर सुरुवात झाली. मैदानाभोवती माणसांचं कडं. कस्तुराताई बायकांत पुढे बसल्या होत्या, नवी साडी नेसून. मुलं उतरली आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. केशरी, लाल, सगळं झळझळत होतं. वर ड्रोन भिरभिरत होतं. शेजारची बाई म्हणाली, "यंदा लई भारी कपडे हायती." कस्तुराताईंना उगाच पदर सारखा करावासा वाटला.

कडेनं मशाली पेटल्या. पुढच्या मशालीवर किसन होता. त्या गावात भैरवनाथाच्या पालखीपुढे मशाल धरायचा मान त्याच्या घराण्याकडे. बापानंतर त्याच्याकडे आला. चाळिशीचा, शिडशिडीत, कमी बोलणारा. त्यानं मंडळाचे कपडे कधी घातलेच नाहीत. जाडं धोतर, सुती सदरा, खांद्यावर घोंगडी, त्याच वेशात तो वीस वर्षं मशाल धरत होता. जळत्या तेलाचे थेंब त्याच्यावर किती वेळा पडले असतील, झटकून टाकायचा.

बुरुजावरचा शेवटचा हल्ला सुरू झाला. विजयश्री पट्टा फिरवत बुरुजाच्या पायथ्याशी आली. तिथून किसन आठ-दहा पावलांवर होता. फाल्गुनातला कोरडा वारा एकदम वळला. मशालीचा जाळ आडवा झाला, ठिणग्या उडाल्या आणि तिच्या कमरेच्या उडत्या शेल्याला लागल्या. शेल्यावरून जाळ एका श्वासात वर चढला. पट्टा टाकून तिनं शेला ओढायला डावा हात घातला तर तो हाताला चिकटला. मग बाही. मग खांदा.

लोकांना आधी वाटलं खेळाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मशाल मातीत खुपसून किसन धावला. त्यानं घोंगडी तिच्यावर टाकली, तिला खाली पाडलं आणि आपल्या हातांनी दाबत राहिला. जाळ विझला. कुणीतरी बाराबंदी ओढून काढायला गेलं तेव्हा ती अशी ओरडली, की कस्तुराताई उठल्या आणि कडं फोडून पुढे गेल्या. "ओढू नका! पाणी टाका, नुसतं पाणी टाका!" त्या ओरडत होत्या. चिकटलेलं कापड ओढायचं नसतं, हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

विजयश्रीला चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. जीव वाचला. डावा हात, खांदा आणि मानेची एक बाजू भाजली. दोनदा कातडी लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, घोंगडी वेळेवर पडली म्हणून चेहरा वाचला.

आठ दिवसांनी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. अर्जुनरावांनी कस्तुराताईंनाही बोलावलं होतं. त्या खांबाला टेकून बसल्या. किसन समोर होता, दोन्ही हातांना पट्ट्या. एक जण म्हणाला, मशाल फार जवळ आणली. दुसरा म्हणाला, त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्यानं हळूच सोडून दिलं, "घेतली असंल थोडी."

किसन म्हणाला, "आमी दारूला शिवत न्हाई, सगळ्या गावाला म्हाईत हाय. वारा फिरला. दरसाल आमी तिथंच उभं ऱ्हातो, तेवढ्याच अंतरावर. दरसाल ठिणग्या उडत्यात. कंदी काय झालं का?"

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर त्या मंडपात एकाच माणसाकडे होतं. दर साल कपडे सुती होते. ठिणगी पडायची, भोक पडायचं, थापटलं की विझायची. पेटलं असतं तरी ओढून काढता आलं असतं. कस्तुराताईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात अर्जुनरावांच्या शेजारी बसलेला माणूस त्यांच्याकडे बघून म्हणाला, "कपडे मात्र एक नंबर झालते, ताई. त्यात काय खोट न्हाई. लोकं अजून इचारत्यात."

त्या गप्प बसल्या.

मी विचारलं, का? त्यांनी बरीच कारणं दिली. गाव परकं. बैठकीत बायका दोनच. आपण बोललो तर उद्या सगळं आपल्यावरच येईल. आणि आपल्यासारख्या घरच्या बाईवर आलं, की ते लवकर उतरत नाही. ही सगळी कारणं खरी होती. मग त्या म्हणाल्या, "पण मॅडम, 'एक नंबर' म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. त्या वेळेलासुद्धा. ते कारण मी कुणाला सांगितलं नाही."

किसनला मंडळातून काढलं. दोन महिन्यांनी भैरवनाथाची जत्रा आली. तेव्हा पालखीपुढची मशालही त्याच्या चुलतभावाच्या हातात दिली.

कस्तुराताई हॉस्पिटलात गेल्या होत्या. विजयश्री पालथी झोपून होती, मान एका बाजूला वळवलेली. त्यांना बघून ती क्षीण आवाजात म्हणाली, "काकू, तुमची बाराबंदी खराब झाली." तिनं ते थट्टेनं म्हटलं होतं. तिची आई बाजूला संत्रं सोलत होती. तिनं एक फोड कस्तुराताईंच्या हातावर ठेवली. कस्तुराताईंनी ती खाल्ली आणि परत आल्या. सांगायचं म्हणून गेल्या होत्या, तसंच राहिलं.

त्यानंतर त्यांची झोप गेली. धम्मरत्नांनी बायकोला कधी 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं त्यांना वाटायचं. दिवाळीच्या आधी एकदा जेवताना धम्मरत्न एवढंच म्हणाले, "त्या मशालवाल्याचं काय झालं गं पुढं?"

दुसऱ्या दिवशी त्या चाकणला गेल्या. आधी अर्जुनरावांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, कापड मीच मागितलं होतं तुमच्याकडं. म्हणजे दोष काढायचा तर माझाही निघतो. आता मिटलंय. कशाला उकरायचं?"

"किसनरावांचं मिटलंय का?"

अर्जुनरावांनी कप खाली ठेवला आणि किसन कुठे कामाला लागलाय ते सांगितलं.

किसन एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागला होता. कस्तुराताई तिथं पोचल्या तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ होती. बसेस, कंटेनर, दुचाक्या, सगळ्यांचा गोंधळ. निळ्या गणवेशात तो त्यांना पटकन ओळखूच आला नाही. गर्दी ओसरल्यावर त्यांनी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कापड कुठलं होतं, ते कसं जळतं, आपल्याला हे आधीपासून माहीत होतं, विजयश्रीनं सुती मागितलं होतं, आपण दिलं नाही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मंजी तुमास्नी बैठकीतबी म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग का न्हाई बोलला?"

"भ्याले."

"भ्यालो तर आमीबी व्हतो, ताई." तो शांतपणे म्हणाला. "पोरगी भाजली त्याचं काय वाटायचं ते वाटलंच. पन माझी म्हातारी देवळात जायची बंद झाली. लोकं बोलत्यात म्हनून. दसऱ्याला गेली ती. लेकानं पोरगी जाळली, हेच डोस्क्यात घिऊन गेली."

कस्तुराताईंनी हात जोडले. त्यानं जोडलेल्या हातांकडे बघितलं, आणि तेवढ्यात कंटेनरचा हॉर्न वाजला म्हणून तो गेट उघडायला गेला. परत आला नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि बसस्टॉपवर आल्या.

माघात, नव्या खेळाच्या तयारीची बैठक लागली, तेव्हा त्या न बोलावता गेल्या. त्याच सभामंडपात उभ्या राहून त्यांनी सांगितलं. सोबत साटीनचा तुकडा आणि मांजरपाटाचा तुकडा नेला होता. दोन्ही फरशीवर ठेवून काडी लावली. मंडपात चुळबूळ झाली. एक जण म्हणाला, "येवढे दिवस कुठं व्हता बाई?" अर्जुनराव उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की कापड आपणच मागितलं, किसनवर अन्याय झाला, त्याला मशाल परत द्यायची.

चार माणसं त्याच्या घरी गेली. तो म्हणाला, "चुलतभाऊ धरतोय की चांगली. धरू द्या त्याला." मंडळाचा खेळ बघायलाही तो आला नाही.

राहिली विजयश्री. तिच्याकडे त्या सगळ्यांत शेवटी गेल्या, आणि हीही चूकच झाली. कारण त्याआधी बैठकीतली गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ती आता बरीच हिंडू-फिरू लागली होती. कंपनीचं काम घरून करत होती. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिनं कस्तुराताईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"मी मागितलं होतं, काकू," ती म्हणाली.

"हो गं."

"पट्टा डाव्या हाताचा असतो माझा. मी डावरी आहे."

"माहीत आहे मला."

"मला राग कापडाचा नाही. तुम्ही हॉस्पिटलात आलात तेव्हा मी आईला विचारत होते, किसनकाकांना मला भेटायला यायला काय झालं? ते एकदा तरी का आले नाहीत? आई म्हणाली, त्यांना तोंड दाखवायला जागा नाही. आणि मी ते खरं धरलं. ज्यानं मला वाचवलं त्याच्यावर मी वर्षभर चिडले होते."

एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. बराच वेळ झाला तेव्हा तिची आई बाहेर आली आणि म्हणाली, "तिची मीटिंग सुरू झालीय." कस्तुराताईंनी पायात चपला घातल्या.

त्यानंतर विजयश्री किसनच्या घरी जाऊन आली, असं त्यांना अर्जुनरावांकडून कळलं. तिथं काय बोलणं झालं, ते कुणालाच ठाऊक नाही. कस्तुराताईंकडे ती पुन्हा आली नाही, फोनही नाही.

मंडळाचे कपडे त्या अजून शिवतात. सगळं सुती आणि त्याचा हट्ट आता अर्जुनरावच धरतात. बाराबंद्या घ्यायला त्यांची माणसं येतात, चहा घेतात, गावातल्या चार गोष्टी सांगतात. किसनचं नाव कुणी काढत नाही. त्या विचारतात तेव्हा "बरा हाय" म्हणतात.

"मला शिक्षा कुणी दिली नाही, मॅडम," परवा त्या मला म्हणाल्या. आमच्या शाळेच्या पोवाड्यासाठी सहा अंगरखे हवे होते, त्यांची मापं त्या वहीत उतरवत होत्या. "अर्जुनराव तर मला मानानं वागवतात. पण त्या म्हातारीला मी कधी बघितलंसुद्धा नव्हतं. तिला जाऊन सांगता आलं असतं. दसऱ्याच्या आधी एखाद्या दिवशी. चाकण काय लांब आहे? बसनं तासाभराचा रस्ता."

मग त्यांनी सहाव्या मुलाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.